दसऱ्याचा महिना वगळून

मूर्तीसाहेब हसले, एवढंच झालं. रागावले असते तर व्यंकटेशला परवडलं असतं. राग त्याच्या ओळखीचा होता, राग आला की मान खाली घालायची आणि तो जाईपर्यंत टेबलावरच्या टाचण्या बघत बसायचं हे त्याला लहानपणापासून जमत आलं होतं. पण मूर्तीसाहेब हसले, तेही मनापासून, चष्मा काढून डोळे पुसत हसले, आणि समोरचा कागद त्याच्याकडे सरकवून कन्नडमध्ये म्हणाले, "व्यंकटेश, तुमच्या ह्या कागदाप्रमाणे यंत्रं रात्रंदिवस पिटाळली तर दुरुस्तीला दमडी लागणार नाही. आणि कारखान्याला कुलूप लावलं, की दुरुस्तीच्या खर्चानंच आपलं दिवाळं निघेल. असं कुठं असतं का हो?"

असं कुठंही नसतं. व्यंकटेशनं कागद बघितला आणि त्याचे कान तापले. राजाजीनगरातल्या ह्या पंपांच्या कारखान्यात हिशेब खात्यात तो इतकी वर्षं काढून बसला होता, की नवीन आलेली पोरं त्याला विचारल्याशिवाय बेरीज खाली उतरवत नसत. आता एप्रिलपासूनच्या वर्षाचं अंदाजपत्रक करायचं होतं आणि मुंबईहून शिकून आलेल्या मूर्तीसाहेबांना ते नव्या पद्धतीनं हवं होतं. गेल्या वर्षीच्या आकड्यांवर थोडं चढवून दिलं, की झालं अंदाजपत्रक, हे त्यांना चालत नसे. त्यांना कळायला हवं होतं, की पंप कमी झाले तर कुठला खर्च खाली येईल आणि कुठला जागचा हलणार नाही. शेडचं भाडं, फाटकावरच्या पहारेकऱ्याचा पगार, हे पंप होवोत न होवोत, बसल्या जागी द्यायचेच. तांब्याची तार, ओतीव लोखंड, हे दर पंपामागं धावणारे. ह्या दोहोंत काही कठीण नव्हतं. कठीण होते ते मधले, थोडे बसलेले आणि थोडे धावणारे खर्च, वीज, तेलपाणी, दुरुस्ती. त्यांच्यातला बसलेला भाग कुठं संपतो आणि धावणारा कुठं सुरू होतो ते सोडवून दाखवायचं होतं. इंग्रजी पुस्तकात त्याची एक सोपी युक्ती होती. वर्षातला सगळ्यात जास्त कामाचा महिना घ्यायचा, सगळ्यात कमी कामाचा घ्यायचा, दोघांमधला फरक काढायचा, भागाकार करायचा आणि दोन टोकं सरळ रेघेनं जोडून टाकायची. मधले दहा महिने बघायची गरजच नाही. व्यंकटेशला युक्ती आवडली होती. त्यानं एकेका खर्चाला ती लावत नेली, आणि दुरुस्तीला उत्तर उणे आलं तेव्हा त्यानं इमानेइतबारे उणे चिन्ह मांडलं आणि पुढच्या खर्चाकडे वळला. शहाण्या माणसाला शहाणपणाची झोप लागते ती अशी.

"सगळ्यात कमी कामाचा महिना कुठला धरलात?" मूर्तीसाहेबांनी विचारलं.

"ऑक्टोबर."

"ऑक्टोबरात काय असतं?"

"दसरा," व्यंकटेश म्हणाला, आणि तोंडातून शब्द बाहेर पडताच त्याला सगळं दिसलं. आयुधपूजा. त्या दिवसांत शेडमधलं एकूण एक यंत्र थांबवायचं, उघडायचं, वर्षाचं साचलेलं वंगण काढायचं, झिजलेले भाग बदलायचे, नवा रंग द्यायचा, मग हळदकुंकू, झेंडू, केळीचे खांब, आणि दारात कुंकू भरलेला कोहळा फोडायचा. सबंध वर्षाची मोठी दुरुस्ती त्या महिन्यात होते, कारण तेव्हाच यंत्रं मोकळी सापडतात. पुस्तक लिहिणाऱ्या साहेबाच्या देशात दसरा नव्हता, त्याला कोण दोष देणार? पण व्यंकटेश बेंगळूरात जन्मला होता, बाळेपेटेतल्या मराठी शिंप्याच्या घरात, जिथं खंडेनवमीला शिवणयंत्रावर शाल घालून त्याला देवासारखं बसवत. त्याला हे सुचू नये ह्याची त्याला लाज वाटली.

"दसऱ्याचा महिना वाईट नाही," मूर्तीसाहेब कागदाची घडी घालत म्हणाले. "फक्त तो बाकीच्या महिन्यांबद्दल काही सांगत नाही. आलेखाचा कागद घ्या, सगळे महिने ठिपक्यांनी मांडा, गेल्या तीन वर्षांचे मांडा. मग मधून एक काळा दोरा ताणून डोळ्यांनी बघा. निम्मे ठिपके वर, निम्मे खाली. आणि जो ठिपका फार लांब जाऊन बसला असेल, त्याला आधी विचारा, बाबा रे, तुझं काय झालं होतं? सावकाश करा, सोमवारी द्या."

सोमवार लांब होता. आजची संध्याकाळ जवळ होती, आणि खरं सांगायचं तर व्यंकटेश सकाळपासून तिच्याच धास्तीत होता. धाकटा भाऊ चंद्रकांत चार दिवसांपूर्वी हुबळीहून वडिलांना घेऊन आला होता. त्याची भिलईला बदली झाली होती. "दादा, अण्णांना तू ठेवून घेतोस का?" त्यानं पहिल्याच दिवशी बाहेर नळापाशी गाठून विचारलं होतं. "तिकडं उन्हाळा फार वाईट, भाषा येत नाही, ओळखीचं कुणी नाही. तुला जमत नसेल तर मी नेतो, माझी ना नाही. पण जायच्या दिवशी तरी सांग." जायचा दिवस आज होता. चंद्रकांत दुपारीच सासुरवाडीच्या लोकांना भेटायला चिकपेटेत गेला होता, तिथून टांगा घेऊन तो यायचा आणि मग स्टेशन. टांग्यात दोघं बसणार की एकटा चंद्रकांत, हे व्यंकटेशनं ठरवायचं होतं. आणि खरं म्हणजे ते त्याचं ठरलेलं होतं. मल्लेश्वरातल्या वठारात, ओळीनं बांधलेल्या भाड्याच्या घरांत, त्याच्याकडे दोन खोल्या होत्या. दोन मुली होत्या. जागा नाही, असं तो सांगणार होता. जागा नाही हे खोटं नव्हतं. ते कारण मात्र नव्हतं.

ड्रॉवरमधून आलेखाचा कागद काढून त्यानं ठिपके मांडायला घेतले. आडव्या ओळीवर पंप, उभ्या ओळीवर दुरुस्ती. जानेवारी, फेब्रुवारी, मार्च. महिने एकमेकांच्या आसपास बसत गेले, कुणी थोडा वर, कुणी थोडा खाली, वठाराच्या कट्ट्यावर संध्याकाळी बायका बसतात तसे. तिन्ही ऑक्टोबर मात्र डाव्या कोपऱ्यात वर जाऊन बसले होते, कुणाशी बोलत नसल्यासारखे. त्यानं शाईनं भरलेल्या बोटानं त्यांच्यावर कागदाचा तुकडा ठेवला, आणि उरलेले ठिपके गपगुमान एका चढणीला लागले. पंप वाढले, की दुरुस्ती वाढते, थोडी थोडी. अगदी साधी गोष्ट होती. त्याला हायसं वाटायला हवं होतं, पण तो तुकडा उचलून त्यानं तिन्ही ऑक्टोबर पुन्हा बघितले. मधले महिने बघायची गरजच नाही, हे वाक्य आपल्याला एवढं का आवडलं होतं, असं त्याच्या मनात आलं, आणि त्याच्यापाठोपाठ अण्णा आले.

अण्णांबद्दल त्याच्यापाशी दोनच दिवस होते. बाकीचे कुठं गेले कोण जाणे. एक दिवस खंडेनवमीचा. व्यंकटेश तेव्हा शाळकरी होता, शाळेच्या दसऱ्याच्या मिरवणुकीसाठी त्याला कापडाची तिकोनी निशाणं कातरायची होती, आणि घरातली सगळी हत्यारं देवीपुढे मांडलेली. त्या दिवशी त्यांना हात लावायचा नसतो हे शिंप्याच्या पोराला कुणी सांगावं लागत नाही. तरी त्यानं पाटावरची कातर उचलली. दोन निशाणं झाली असतील नसतील, तोच अण्णा आले आणि कापड मोजायच्या लाकडी गजानं त्याला बडवून काढला, दुकानाच्या पायरीवर, शेजारच्या भांडेवाल्यासमोर, पूजेचा प्रसाद घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकांसमोर. आणि मग म्हणाले, "तुझ्या हाताला कधी यश यायचं नाही." मार विसरला असता. ते वाक्य त्याच्या हाताला चिकटून राहिलं. त्यानं सुई कधी धरली नाही, दुकानात बसला नाही, कळत्या वयात आला तसा वसतिगृहात राहायला गेला आणि घरी पाहुण्यासारखा येऊ लागला. दुसरा दिवस नोकरीच्या पहिल्या मुलाखतीच्या आदल्या दिवसाचा. अण्णा वसतिगृहाच्या दारात उभे, काखेत कागदाचं पुडकं, आत राखी रंगाचा कोट. माप घेतलेलं नव्हतं, डोळ्यांनीच बेतलेला, आणि खांद्यावर असा बसला, की वॉर्डनसाहेब वळून बघायला लागले. अण्णांनी कॉलरच्या मागं एकदा हात फिरवला आणि गेले.

ह्या दोन दिवसांमधून व्यंकटेशनं फार वर्षांपूर्वी एक सरळ रेघ ओढून ठेवली होती. अण्णांना कामाची माया आहे, माणसांची नाही. दुकान चाललेलं असलं, हातात कापड असलं, की माणूस बरा. यंत्र थांबलं, की ह्यांच्या आतलं काहीतरी दुसऱ्यावर उलटतं. जसं काम तसा बाप. आता तर दुकान विकलेलं, नजर गेलेली, काम शून्य. रेघ शून्यापर्यंत नेली, की काय उरतं ते त्यानं मनाशी काढून ठेवलं होतं, आणि म्हणून जागा नव्हती.

पाच वाजता भोंगा झाला. सायकल काढून तो मल्लेश्वराच्या रस्त्याला लागला. फेब्रुवारीची ऊन कोवळं करून सोडणारी हवा होती, रस्त्याकडेच्या झाडांवर गुलाबी फुलं आली होती आणि पान एकही नव्हतं. दसऱ्याच्या महिन्याला विचारा, तुझं काय झालं होतं. तो पायडल मारत राहिला. त्या वर्षी काय झालं होतं? त्याला आठवायची गरज नव्हती, माहीत होतंच, नेहमीच माहीत होतं. त्या वर्षी श्रावणात आई गेली. ही गोष्ट त्याच्या मनात एका कप्प्यात होती आणि खंडेनवमीचा मार दुसऱ्या कप्प्यात, आणि पोटासाठी आयुष्यभर आकडे एका कागदावर आणणाऱ्या ह्या माणसानं हे दोन आकडे कधी एका कागदावर आणले नव्हते. श्रावण, भाद्रपद, आश्विन. त्याचा पाय थांबला. पूजेची मांडणी दरवर्षी आई करायची. त्या वर्षी अण्णांनी केली होती, हळदीचा करंडा कुठं असतो ते त्यांना सापडत नव्हतं, चंद्रकांत रडत होता, आणि अण्णा फडताळाची एकेक फळी उघडून पुन्हा लावत होते. आणि कातर. पाटावर दोन कातरी होत्या. कापड बेतायची मोठी, अण्णांची, ती व्यंकटेशच्या हातात मावत नसे. त्यानं उचलली ती लहान. आई काजं करायची. बटणांची काजं करायची लहान कातर, तिचीच ती, आणि श्रावणापासून तिला कुणी हात लावलेला नव्हता.

त्यानं सायकल कडेला घेतली आणि उतरला. बेकरीपुढे उभं राहून तो बटर बिस्किटांच्या बरण्यांकडे बघू लागला. बेकरीवाल्यानं "एन बेकु, सार?" काय हवंय, असं विचारलं, तेव्हा त्यानं नुसतीच मान हलवली. त्याला रडू येत होतं आणि आपल्या वयाच्या माणसानं भर रस्त्यात रडू नये एवढं भान होतं. पण त्याहून जास्त त्याला भीती वाटत होती. मधले ठिपके कुठं होते? आई गेल्यावर सात-आठ वर्षं तो त्या घरात राहिला. रोज जेवला असेल. कुणी वाढलं? भाकरी कोण थापत होतं? त्यानं जोर करून बघितलं, तेव्हा धुरकटलेलं काहीतरी हाती लागलं, अण्णा चुलीपुढे उकिडवे बसलेत, गळ्यात माप घ्यायची फीत तशीच, आणि करपलेली भाकरी स्वतःकडे ओढून बरी दोघा भावांच्या ताटात टाकताहेत. हे एकदा झालं होतं की रोज? त्याला सांगता येईना. परीक्षेच्या दिवसांत यंत्राचा आवाज यायचा नाही, हेही आत्ताच ध्यानात आलं. का यायचा नाही? लग्नसराईत काम तर असायचंच. तेव्हा अण्णा हातानं शिवत बसायचे की काय? बाराच्या बारा महिने, एकामागून एक वर्षं, आणि त्यानं ती बघायची गरजच नाही म्हणून खुशाल टाकून दिली होती. आपण बापावर अन्याय केला, असं त्याला सरळ, स्पष्ट वाटलं. आणि लगेच दुसरंही वाटलं, की मारलं होतं हे खरंच होतं, ते वाक्यही खरंच होतं, दुःख झालेल्या माणसानं पोराला असं बोलावं हे काही बरोबर नव्हतं. दोन्ही खरं होतं. ठिपका खोटा नव्हता. त्यानं रेघ चुकीची ओढली होती.

वठारात शिरला तेव्हा दारापुढे टांगा नव्हता. त्याची बायको शालन कट्ट्यावर तांदूळ निवडत होती. ती बेळगावकडची, मोजकं बोलणारी, पण जे बोलायची ते नेमक्या जागी लागायचं.

"भावजी आले नाहीत अजून," ती म्हणाली. "अण्णांनी वळकटी बांधून ठेवलीय. दुपारीच."

"दुपारीच? मी तर अजून काही सांगितलंच नाही."

"न सांगितलेलं कळत नाही असं वाटलं काय तुम्हाला?" ती सूप आपटत म्हणाली. "पोरींनी विचारलं, आजोबा, का चाललात, तर म्हणाले, तुमच्या घरात जागा स्वल्प आहे. मी तोंड उघडणार नव्हते, तुमचे वडील, तुमचा विचार. पण एक सांगते. जागेचं मला सांगू नका. चार दिवस ते दाराच्या कोपऱ्यात असे बसलेत, की झाडू मारताना त्यांना उठा म्हणावं लागलं नाही. मी यायच्या आधी उठून उभे असतात."

तो आत गेला. अण्णा खरोखरच दाराच्या कोपऱ्यात बसले होते, अंगात बंद गळ्याचा कोट, डोक्याला टोपी, शेजारी दोरीनं आवळलेली वळकटी. गाडीची वाट बघणारा माणूस फलाटावर बसतो तसे, जागा कमीत कमी लागेल असे. दृष्टी अधू झाल्यापासून ते आवाजाच्या रोखानं मान वर करत.

"चंद्रू आला का?"

"मी आहे, अण्णा. व्यंकटेश."

"सरी, सरी, बरं," ते म्हणाले आणि पाय आणखी जवळ ओढले, त्याला जायला वाट व्हावी म्हणून.

ते बघून व्यंकटेशच्या मनातली जमवून आणलेली वाक्यं गेली. सायकलवरून येताना त्यानं पुष्कळ ठरवलं होतं, श्रावणाबद्दल बोलू, आईबद्दल विचारू, भाकरीचं विचारू. त्यातलं काही जमेना. तो तसाच त्यांच्यासमोर जमिनीवर बसला, पायातल्या मोज्यांसकट.

"अण्णा, तुम्ही भिलईला जाऊ नका. इथं राहा."

अण्णांचा चेहरा बदलला नाही. बाहेर शालनच्या सुपाचा आवाज थांबला.

"किती दिवस?" त्यांनी विचारलं.

त्या प्रश्नात टोमणा नव्हता, हेच व्यंकटेशला सोसवेना. वसतिगृहाला, धर्मशाळेला विचारावं तसं त्यांनी विचारलं होतं, सामान सोडायचं की नाही ते कळावं म्हणून. कारखान्यात कुणी काही विचारलं, की त्याच्यापाशी आकडा तयार असे. इथं आकडाच नको होता.

"दिवस नाहीत," तो म्हणाला. "राहायचंच. कायमचं."

"तू भाबडा आहेस," अण्णा म्हणाले. "तुला ठाऊक नाही काही. चार दिवस म्हणून मी सांभाळून राहिलो. मी पहाटे उठतो, सगळं जग निजलेलं असताना. उठलो, की खोकतो. तास-तासभर खोकतो. चंद्रूच्या बायकोची झोप मोडते, ती बिचारी बोलत नाही. मला वांगं चालत नाही, अंगावर उठतं. दुपारी कुणी बोलायला नसलं, की मी आपल्याशीच बोलतो, पोरी हसतील. न्हाणीत एकदा पडलोय. आणि मला कधी कधी राग येतो. पूर्वीइतका नाही. पण येतो. हे सगळं आधी सांगितलेलं बरं. मागाहून म्हणशील, सांगितलं नव्हतं."

व्यंकटेश ऐकत होता. वांगं चालत नाही. पहाटे उठतात. ह्यातलं एक अक्षर त्याला माहीत नव्हतं. कारखान्यातल्या कुठल्या यंत्राला कधी तेल लागतं हे त्याला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं असतं. आणि समोरचा माणूस, ज्याच्याबद्दल त्याचं मत इतक्या वर्षांत तसूभर हललं नव्हतं, तो एकेक गोष्ट सावकाश, न लाजता त्याच्यापुढे ठेवत होता, आणि ती प्रत्येक गोष्ट इतकी साधी होती, की तिच्यावरून कुणाला धरूनही ठेवता आलं नसतं आणि सोडूनही देता आलं नसतं.

"आणखी?" तो म्हणाला.

"आणखी काय? कॉफी लागते. साखर कमी." अण्णांनी टोपी काढली आणि मांडीवर ठेवली. बाहेर रस्त्यावर टांग्याच्या घोड्याच्या टापा ऐकू आल्या, जवळ आल्या, वठाराच्या फाटकापाशी थांबल्या. अण्णांनी तिकडे कान दिला नाही. ते मुलाच्या आवाजाच्या दिशेनं थोडे पुढे वाकले, आणि त्यांची ती अंधूक नजर त्याच्या तोंडावर कुठंतरी येऊन टेकली.

"आणि तू रे?" त्यांनी विचारलं. "तू किती वाजता उठतोस?"

आपल्याच घरात जन्मून वाढलेल्या मुलाला हे त्यांना विचारावं लागत होतं. व्यंकटेशनं हात पुढे करून त्यांचा हात धरला आणि सांगायला सुरुवात केली.